पंधरा टक्के

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

गेला. आवाज गेला!

संध्याकाळी दिवा लावून नेहमीसारखी फोन घेऊन बसले. सोळा टक्के. मग पंधरा. आणि — टिंग. कुठलंतरी परकं, गुळगुळीत टिंग. वाटलं, आवाज बारीक झाला असेल. वाढवला. चार्जर लावला, काढला, परत लावला. तेव्हाही टिंगच.

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल. ह्यांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. जायच्या वर्षभर आधी, म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत, ह्यांनी माझ्या फोनमध्ये कारागिरी करून ठेवली होती. बॅटरी पंधरा टक्क्यांवर आली की फोन ह्यांच्या आवाजात बोलायचा — “रजनी, पोटात कावळे ओरडून राह्यले! जेवाले दे.” आणि चार्जर लावला की — “हां... आता बरं वाटलं.” रिटायर माणसाचे उद्योग! तेव्हा मी चिडायचे. एकदा बँकेच्या रांगेत कावळे ओरडले, सगळी रांग फिदीफिदी हसली. घरी येऊन म्हटलं, हे आधी काढा. तर म्हणाले, असू दे, तुला कुठे चार्जिंगची आठवण राहते.

आता ह्यांचा दुसरा आवाज माझ्याकडे नाही. शोधून शोधून थकले. लग्नकार्याच्या सगळ्या व्हिडिओंत हे कॅमेऱ्याच्या मागे. आवाजातला मेसेज कधी पाठवला नाही. लिहिता येतं ना मला, म्हणायचे. म्हणून वर्षभर मी रोज फोन उपाशी मारते. बॅटरी लवकर उतरावी म्हणून दुपारपासून टॉर्च लावून कपाटात ठेवते. ही गोष्ट या पानाशिवाय कोणाला ठाऊक नाही. कळली तर मला नागपूरला डोक्याच्या डॉक्टरकडे नेतील.

आणि हे झालं कशाने? पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याने! नोव्हेंबर आला की आपण जिवंत आहोत हे सरकारला तोंड दाखवून सांगावं लागतं. ते ॲप माझ्या फोनवर उघडेना. शेजारचा बंटी — दोन लेकरांचा बाप झाला तरी बंटीच — सकाळी आला. मी चहा टाकायला आत गेले. “काकू, तुमचा फोन लई मागं पडला, अपडेट मारून देतो,” म्हणाला. मी आतून “बरं” म्हटलं. बरं म्हटलं मी! हे नेहमी सांगायचे, अपडेट आलं की ‘नंतर’ दाबायचं. दोन वर्षं नंतर-नंतर दाबत आले, आणि आज साखर शोधता शोधता बरं म्हणून गेले.

दाखला मात्र झाला. मी जिवंत आहे म्हणे.

६ नोव्हेंबर

अनिमेषचा फोन. आज पावणेआठला. जेवलीस का, गुडघा कसा आहे, नवा फोन काढलास का डब्यातून. मी काही सांगणार, तेवढ्यात — आई, बॅटरी चालली, ठेवतो. झालं!

लेक, ह्यांचा अन्या, पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. आधी पंधरा-पंधरा दिवस फोन नसायचा, हे खरं. दोन वर्षांपासून रोज करतो, हेही खरं. पण वेळ कुठली? कधी सात, कधी साडेनऊ. आणि नेहमी फोन मरायला टेकला की. दिवसभर जगाशी बोलून झाल्यावर तळाशी जे उरतं ते आईला. दिवाळीत माझ्यासाठी नवा कोरा फोन घेऊन आला आणि स्वतः काच तडकलेला जुना वापरतो. चिकटपणा बापाचा घेतलाय.

त्याला आवाजाबद्दल सांगितलं नाही. तो घरी आला की मी फोन मुका करून ठेवते. आई बॅटरी मरायची वाट पाहत बसते, हे कळलं तर पोरगं काळजी करत बसेल. आणि बापासाठी त्याच्या डोळ्यातून टिपूसही आलं नव्हतं. त्याला काय सांगायचं!

८ नोव्हेंबर

चौकातल्या मोबाइलवाल्याकडे गेले. काचेमागे बसलेला, दाढी टोकदार, कानात इअरफोनची बोंडं. म्हटलं, अपडेटनंतर आवाज बदलले, आधीचे पाहिजेत. त्याने फोन बंद करून चालू केला. सुरू होताना नेहमी येतो तो इंग्रजी इशारा आला — या फोनचं कुलूप उघडं आहे, भरवशाचा नाही, वगैरे. ह्यांनी फोन आणून दिला तेव्हा मी हे पाहून घाबरले होते. हे हसले होते. “कुलूप म्या उघडलं म्हणून कंपनी रडून राह्यली. बटन दाबायचं अन् पुढं जायचं.”

तो मोबाइलवाला मात्र चमकला. काकू, हा रूट केलेला होता, कोणी केला? माझ्या मिस्टरांनी, म्हटलं. त्याला ते पटलेलं दिसलं नाही. मग म्हणाला, चिंता नको, सगळं साफ करून कंपनीसारखा करून देतो, कुलूप पण परत लावून देतो.

आणि आतलं?

आतलं सगळं पुसल्या जाते, म्हणाला. कुलूप लावलं की पुसतेच ते. पण तुमचे फोटो काढून देतो ना.

त्याने वायर लावली सुद्धा होती! मी काउंटरवर हात घालून फोन ओढून घेतला. वायर त्याच्या हातात राहिली. काय म्हातारी आहे, असं मागून ऐकू आलं. येऊ दे.

९ नोव्हेंबर

पंधरा टक्के. टिंग.

१२ नोव्हेंबर

प्रचाराच्या गाड्या दिवसभर बोंबलतायत. दारं लावून बसले. बाहेर एवढे आवाज, त्यातला एकही कामाचा नाही.

माझा जन्म आवाजातच गेला. टेलिफोन एक्स्चेंजला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. कानावर हेडसेट, समोर बोर्ड, हातात जोडणीच्या कॉर्डी. घाटंजी, बाभुळगाव, वणी, राजूर — सगळा जिल्हा माझ्या बोटांखाली. माणसं दिसायची नाहीत, पण कोण कसं आहे ते कळायचं. राजूरहून खाणीतला एक मुकादम बोलायचा, तो ‘हॅलो’ म्हणाला की आज तिकडे काही वाईट झालं का ते मला आधीच समजायचं.

घाटंजीच्या पाटबंधारे कार्यालयातून रोज अकराला ट्रंक कॉल लागायचा. कालव्याच्या पाण्याचा हिशेब इथल्या, यवतमाळच्या साहेबांना सांगायला. आवाज जरासा बसका, शेवटचा शब्द लांबवायची सवय. तीन मिनिटं झाली की मध्ये शिरून सांगायचं आमचं काम — तीन मिनिटं झाली, वाढवू का? सगळे वैतागायचे. हा माणूस म्हणायचा, वाढवा, तुमचा आवाज तेवढाच एकदा ऐकू येतो. मी बोर्डापुढे लालबुंद. शेजारच्या मुलींना वाटायचं मला ताप आलाय.

एकदा साहेब जागेवर नव्हते. म्हटलं, साहेब नाहीत, कॉल रद्द करू? म्हणाले, कायले? तुमच्याशीच बोलतो. आणि खरंच बोलले! नाल्याला पूर आला होता, ऑफिसात पाणी शिरलं होतं, हे टेबलावर उभे होते आणि मला सांगत होते की बेडूक फाइलवर बसलाय. मी तीन मिनिटांनी सांगायचं विसरले. सुपरवायझरने नंतर चांगलं झापलं.

आठ महिने नुसता आवाज. मग एक दिवस काउंटरवर कोणीतरी विचारलं, इथे सकाळच्या पाळीला कोण असतं? मी आत होते. पाठमोरी. वळायच्या आधीच कळलं.

आधी आवाज आला, माणूस नंतर. आणि जाताना माणूस आधी गेला, आवाज मागे ठेवून. आता बंटीच्या एका बोटाने तोही गेला. मला आज फार रडू आलं. आवाज काढून रडले, गाड्यांच्या भोंग्यात कोणाला ऐकू गेलं नसेल.

१४ नोव्हेंबर

सकाळी कणीक मळताना एकदम आठवलं — तनवीरभाई! हे फोनची कारागिरी करायला घाटंजीलाच गेले होते. तनवीरभाईंचं तिथे घड्याळाचं दुकान. मग रेडिओ, मग टीव्ही, आता मोबाइल. आम्ही घाटंजीला अकरा वर्षं होतो, तेव्हापासून ह्यांचा अड्डा तिथे. बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन निघायचे आणि मेथी सुकल्यावर घरी यायचे. मला तेव्हा त्या दुकानाचा भारी राग होता.

कणकेच्या हातानेच फोन लावला. सगळं सांगितलं. कावळेसुद्धा सांगितले, काय करणार. तनवीरभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “भाभी, आवाज गेला नाही. आवाज अंदरच हाये. फक्त दरवाजा बंद झाला.”

मला समजलं ते असं. फोन आपण विकत घेतो, पण त्याची मोठी चावी कंपनी देत नाही. रूट म्हणजे ती चावी आपल्याकडे घेणं. ह्यांनी ती घेतली होती आणि फोनच्या पोटात आपला आवाज नेऊन ठेवला होता. अपडेटने वरचं सगळं नवं केलं, त्यात चावी गेली. पण आवाज ठेवला तो कोपरा अपडेटने हलवला नाही. चावी परत बनवली की आवाज आपसूक वर येईल. मात्र फोन कोणी कोरा केला तर संपलं.

“कोणाले हात नका लावू देऊ,” म्हणाले. “बंटीले तर बिल्कुल नाही.”

१६ नोव्हेंबर

घाटंजी. सकाळची एसटी. खिडकीतून कापसाची शेतं, बोंडं फुटून पांढरी झालेली, वेचणाऱ्या बाया ओळीने. पूर्वी या रस्त्याने बदलीचं सामान ट्रकमधून आणलं होतं, अनिमेष मांडीवर होता आणि हे वर टपावर गादीला धरून बसले होते.

दुकान तेच. भिंतीवर बंद पडलेली घड्याळं अजून आहेत, प्रत्येकात वेगळी वेळ. तनवीरभाई किती म्हातारे दिसायला लागले! मला पाहून उठून उभे राहिले. त्यांच्या पत्नी जमिलाभाभींनी आतून चहा पाठवला आणि मागून स्वतः आल्या, माझा हात धरून बसल्या. बरं वाटलं.

साहेबांचं, म्हणजे ह्यांचं, स्टूल म्हणून एक स्टूल कोपऱ्यात ठेवलंय. मला त्यावर बसवलं. तनवीरभाई फोन कॉम्प्युटरला जोडता जोडता त्या दिवसाचं सांगत होते. हे दोन फोन घेऊन आले होते म्हणे. आवाज नीट यावा म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढलं. तरी बाहेर बैलगाडीच्या घुंगरांचा आवाज यायचा, की हे थांबायचे. “कावळे” नऊ वेळा म्हटलं. नवव्यांदा मनासारखं झालं. मी हसले आणि मग हसता येईना. दुसरा फोन ह्यांचा स्वतःचा असणार. तो तर मी केव्हाच गोपालला, ह्यांच्या पुतण्याला, देऊन टाकला. त्याने विकलाही. त्यात काय म्हणून ठेवलं होतं कोण जाणे.

तनवीरभाईंकडे तेव्हाची फाइल जपून ठेवलेली होती. फोन सुरू होताना जी फाइल सगळ्यात आधी उठते, तिच्यात चावी बसवायची, म्हणाले. ती त्यांनी फोनमध्ये घातली. फोन बंद झाला. चालू झाला. इशारा आला, मी सवयीने बटन दाबलं. मग कंपनीचं नाव आलं आणि गोल गोल फिरायला लागलं. फिरतंय. फिरतंय. चहा संपला. जमिलाभाभी दुसरा घेऊन आल्या. फिरतंयच.

तनवीरभाईंचा चेहरा उतरला. कपाळावर हात मारला त्यांनी. जुनी फाइल नव्या अपडेटला चालत नाही! अपडेट नवं, फाइलही त्याच नंबरची नवी पाहिजे. दोन वर्षं तळहातावर जपलेली साहेबांची फाइल, म्हणून दुसरी वापरायचं त्यांच्या मनातच आलं नाही. “म्या आदत से घातली, भाभी. साहेबाची होती न.”

मी विचारलं, आवाज गेला?

नाही म्हणाले. पण डोळे वर केले नाहीत.

नवी फाइल मोठी आहे, शोधून उतरवायला वेळ लागेल. फोन तिथेच ठेवून आले. सिम काढून दिलं त्यांनी. परतीच्या गाडीत पर्समध्ये नुसतं नखाएवढं सिम. पर्स पोटाशी धरून बसले.

१७ नोव्हेंबर

नव्या फोनचा डबा उघडला. सिम घातलं. सुंदर आहे, नाही म्हणवत नाही. बॅटरी दोन दिवस उतरत नाही! काय करायचीय अशी बॅटरी?

अनिमेष खूश. अखेर काढलास! मग — आई, बॅटरी... हो हो, ठेव, म्हटलं.

१८ नोव्हेंबर

ह्यांचं ते वाक्य आठवून पाहिलं. शब्द आठवतात. चाल आठवत नाही. ‘रजनी’वर थांबायचे की ‘कावळे’वर? रोज ऐकत होते आणि आज सांगता येत नाही! मी, जी मुकादमाच्या हॅलोवरून त्याचा दिवस ओळखायची. भीती वाटते आहे. आवाज परत मिळाला नाही तर दोन-चार वर्षांत माझ्याजवळ नुसते शब्द उरतील, कोणीही म्हणावेत असे.

२० नोव्हेंबर

मतदान केलं. बोटाला शाई. येताना बंटी भेटला, काकू फोन कसा चालतो? उत्तम, म्हटलं. त्याचा तरी काय दोष. चहा टाकायला मी गेले होते.

दुपारी तनवीरभाईंचा फोन. फाइल मिळाली. बरोबर त्याच नंबरची. पण एकट्याने करणार नाही म्हणाले. “साहेबाचा आवाज हाये. तुमच्यासमोरच करतो. काही झालं तर तुमच्यासमोर होऊ द्या.”

काही झालं तर म्हणजे काय? विचारलं नाही.

२२ नोव्हेंबर

आजचं आजच लिहून ठेवते.

दहाला दुकानात पोचले. तनवीरभाई आंघोळ करून, धुतलेला कुर्ता घालून बसले होते. आधी त्यांनी नव्या अपडेटची साधी फाइल घालून फोन शुद्धीवर आणला. माझे फोटो, नंबर, सगळं जागच्या जागी. अर्धा जीव भांड्यात पडला. मग चावीची फाइल. फोन बंद. काळा. इशारा. बटन मी दाबलं. गोल फिरायला लागलं आणि मी घड्याळांकडे पाहत बसले, तीही मेली सगळी बंद.

उघडला!

तनवीरभाईंनी कुठलंसं ॲप उघडून मला दाखवलं. आत एकच नोंद होती, ह्यांनी इंग्रजी अक्षरांत नाव दिलेलं — घर. पण बॅटरी सत्तर टक्के. पंधरावर यायला संध्याकाळ होणार. मी म्हटलं, थांबते. ते म्हणाले, कायले थांबता, दुसरा आवाज आहे ना. चार्जर माझ्या हातात दिला.

माझ्याच्याने पिन लवकर बसेना. जमिलाभाभींनी फोन धरला. बसली.

“हां... आता बरं वाटलं.”

शेवटचा शब्द लांबवलेला. तसाच, जरासा बसका. मागे बारीक घुंगरू पण आहे! इतक्या वेळा ऐकून कधी ध्यानात आलं नव्हतं, तेव्हाची बैलगाडी.

जमिलाभाभींनी पदर तोंडाला लावला. तनवीरभाई भिंतीकडे तोंड करून एक घड्याळ उतरवायला लागले, ज्याची काही गरज नव्हती. मी तिथे, भर बाजारात, साहेबांच्या स्टुलावर बसून हमसून हमसून रडले. मग पिन काढली आणि परत लावली. किती वेळा ते लिहीत नाही. शेवटी तनवीरभाईच म्हणाले, बस करा भाभी, साहेबाले अपचन होईन.

मेहनताना विचारला तर रागावले. तेव्हा पिशवीतले तिळाचे लाडू काढून काउंटरवर ठेवले. ह्यांच्या वाटचे, म्हटलं.

घरी येईतो सव्वीस टक्के. दिवा लावला. टॉर्च लावून बसले. पंधराला — रजनी. थांबले. ‘रजनी’वरच थांबतात! मग कावळे. उठून चार्जर लावला.

२४ नोव्हेंबर

मन हलकं आहे. खूप दिवसांनी वरणफळं केली, एकटीसाठी.

अनिमेषचा फोन नऊ वीसला. त्याला आनंदाने सांगायला गेले की घाटंजीला जाऊन आले, तर अर्ध्यात कट. परत लागला नाही. बंद. चीड आली. आम्ही तीन मिनिटं झाली की निदान विचारायचो तरी, वाढवू का म्हणून! वर्षश्राद्धाला येईल तेव्हा तोंडावर सांगणार आहे — बाबा रे, आईला भरल्या बॅटरीतला फोन करत जा, उष्टा-खरकटा नको.

३० नोव्हेंबर

भांडण झालं. त्याला समजलं की मी नवा फोन परत डब्यात ठेवला. म्हणाला, येईन तेव्हा जुना घेऊन जातो, तो सुरक्षित नाही, बँकेचं सगळं त्यात आहे, कोणीतरी फसवेल. मी जोरात ओरडले, “माझ्या फोनला हात लावायचा नाही!”

तो म्हणाला, बरं. आणि बॅटरी चालली.

६ डिसेंबर

अनिमेष आला. वाळलाय. डोळ्यांखाली काळं. बसस्टँडवरून आल्या आल्या ह्यांच्या फोटोपुढे उभा राहिला, नमस्कारही केला नाही, नुसता उभा. मग विचारलं, खायला काय आहे.

त्याच्या फोनची काच आता इतकी तडकलीय की बोट कापेल. जेवताना म्हटलं, माझा नवा पडूनच आहे, तो तू घे, हा टाक. असा भडकला! “माझ्या फोनला हात लावू नकोस.” माझंच वाक्य मला परत. जशी आई तसा लेक.

भरल्या बॅटरीचं बोलायचं राहिलं. उद्या.

८ डिसेंबर

श्राद्ध झालं. तिथीने वर्ष भरलं. गुरुजी जेवून गेले. तनवीरभाई आले होते, दारातूनच फोटोला हात जोडून, अनिमेषच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ उभे होते. जेवायला थांबले नाहीत.

पाचच्या सुमारास अनिमेष मागच्या पायरीवर एकटा बसलेला. मी भांडी वाळत घालायला गेले, त्याला चाहूल नव्हती. म्हटलं, आत्ता सांगून टाकावं. तेवढ्यात त्याच्या हातातला फोन बोलला. जरासा बसका आवाज. शेवटचा शब्द लांबवलेला. मागे बारीक घुंगरू.

“अन्या, बॅटरी मराच्या आत आईले फोन लाव.”

त्याने बाहीने डोळे पुसले, आणि लावला. आत स्वयंपाकघरात माझा फोन वाजायला लागला. मी भांडी तिथेच खाली ठेवली आणि आवाज न करता उचलायला गेले.